पहिला पगार, स्विच आणि येणारे तीन पोकेमॉन गेम

(सप्टेंबर २०२५ च्या भागाचं लिखित रूप)

इयरफोन घरी विसरला म्हणून वाचायला आलात, त्यांचंही स्वागत.

आजच्या भागाची सुरुवात एका व्हॉइस मेसेजने. आपल्या एका श्रोत्याला नुकतीच नोकरी लागलीय. तो म्हणतो, "दादा, पहिला पगार झालाय. पोकेमॉनचे नवे गेम येतायत, तर स्विच टू घेऊन टाकू का? घरी आईला अजून सांगितलं नाहीये."

ते शेवटचं वाक्य ऐकून मी मेसेज परत लावला. कारण आपल्यातले बरेच जण याच जागी उभे आहेत. शाळेतून आल्यावर कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन बघितलं, पुढे फोनवर पोकेमॉन गो खेळलो, पण मूळ गेम जिथे येतात तो कन्सोल कधी हातात आलाच नाही. आता स्वतःचे पैसे आहेत, तर घ्यायचा का?

उत्तर द्यायच्या आधी येतंय काय ते नीट बघू.

१९९६ साली जपानमध्ये गेम बॉयवर 'रेड' आणि 'ग्रीन' आले. सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडायचा नाद होता, त्यातून ही कल्पना निघाली. त्या एका कार्ट्रिजमध्ये तीन गोष्टी होत्या. रानावनात फिरून पोकेमॉन पकडायचे, त्यांना लढवायचं, आणि हळूहळू त्यांचा लळा लावून घ्यायचा. काही पोकेमॉन फक्त रेडमध्ये, काही फक्त ग्रीनमध्ये. म्हणजे संग्रह पूर्ण करायचा तर केबल जोडून मित्राशी अदलाबदल करणं भागच.

आता गंमत बघा. येणारे तीन गेम म्हणजे साधारण याच तीन गोष्टींची वाटणी आहे.

पहिला, 'पोकेमॉन लेजंड्स: झेड-ए'. १६ ऑक्टोबरला येतोय. यात पकडापकडी आणि गोष्ट आहे. सगळा गेम ल्युमिओस या एकाच शहरात घडतो. हे शहर २०१३ च्या 'एक्स' आणि 'वाय' मधलं, पॅरिसवर बेतलेलं. मोठा बदल लढाईत आहे. आजवर मुख्य गेममध्ये आळीपाळीने वार व्हायचे, एक तुमचा, एक समोरच्याचा, बुद्धिबळासारखं. इथे सगळं चालू वेळेत घडतं. तुम्ही पळताय, पोकेमॉन पळतोय, आणि एकदा वापरलेला वार परत मारायला थोडं थांबावं लागतं. त्यामुळे कुठला वार, याच्याइतकंच कधी आणि किती अंतरावरून, हेही महत्त्वाचं. शिवाय 'एक्स' आणि 'वाय' मध्येच आलेलं मेगा इव्हॉल्यूशन परत येतंय.

दुसरा, 'पोकेमॉन चॅम्पियन्स'. यात फक्त लढाई, आणि तीही जुनी आळीपाळीचीच. २०२६ मध्ये येणार. आणि मंडळी, कान इकडे द्या: हा स्विचबरोबर फोनवरही येणार आहे.

तिसरा, 'पोकेमॉन पोकोपिया'. याची घोषणा याच महिन्यात १२ तारखेला झाली. हाही २०२६ मध्येच, पण फक्त स्विच टूवर. यात तुम्ही माणसाचं रूप घेतलेला डिट्टो असता. बल्बासोरकडून हिरवळ उगवायला शिकायचं, आणखी पोकेमॉनशी मैत्री करायची आणि ओसाड जागेत वस्ती उभी करायची. म्हणजे लळा लावण्याचा भाग.

कल्पना चांगली आहे. ज्याला जे आवडतं त्याने ते खेळावं. पण खिशाच्या बाजूने बघितलं, तर जे एका कार्ट्रिजमध्ये मिळायचं, त्यासाठी आता वेगवेगळी दारं ठोठवायची. आणि झेड-ए दुकानात यायच्या आधीच त्याच्या विकत घ्यायच्या जादा भागाची घोषणासुद्धा झालीय! जेवण वाढायच्या आधी स्वीट डिशचं बिल, असा प्रकार.

आता आपल्या श्रोत्याकडे येतो. मित्रा, तीन गोष्टी.

एक. झेड-ए साठी स्विच टू लागतच नाही. तो २०१७ च्या जुन्या स्विचवरही चालणार आहे. नव्यावर चित्र जास्त सफाईदार दिसेल, पण गेम तोच. ओळखीत कुणाचा जुना स्विच पडून असेल तर आधी तो विचार.

दोन. निंटेंडो भारतात अधिकृतपणे कन्सोल विकत नाही. इथे मिळतो तो बाहेरून आणलेला. माझ्या वेळी दुकानदाराला वॉरंटीचं विचारलं, तर तो नुसता हसला. बिल कोण देतंय आणि बिघडला तर कोण बघणार, हे विचारल्याशिवाय पैसे काढू नकोस.

तीन. तुझ्याकडे फोन आहे, म्हणजे एक दार उघडंच आहे. गोमधले पोकेमॉन 'पोकेमॉन होम' या ॲपमध्ये नेता येतात, आणि चॅम्पियन्स होमशी जोडलेला असणार आहे. दोन गोष्टी लक्षात ठेव. होममध्ये गेलेला पोकेमॉन गोमध्ये परत येत नाही. आणि प्रत्येकाला चॅम्पियन्समध्ये प्रवेश असेलच असं नाही. म्हणून घाईघाईने सगळे पाठवून मोकळा होऊ नकोस.

डिसेंबर २०१६ मध्ये गो भारतात अधिकृतपणे आला, तेव्हा मी आणि माझा धाकटा भाऊ रोज संध्याकाळी तळ्याला चकरा मारायचो. चारशे कँडी जमवून एका मॅजिकार्पचा ग्याराडोस केला. भाऊ आता दुसऱ्या शहरात असतो, फोनवर बोलणंही कमी झालंय. पण चॅम्पियन्सची घोषणा झाली त्या रात्री त्याचा मेसेज आला, "तो ग्याराडोस आहे ना अजून? ट्रान्सफर करून टाकला नाहीस ना?"

आहे. तो होममध्ये न्यायचा का, हे आम्ही दोघं मिळून ठरवणार आहोत.

तेव्हा माझं उत्तर असं: पहिल्या पगारातून नको. झेड-ए येऊ दे, महिनाभर लोकांना खेळू दे, फोनवरचा चॅम्पियन्स बघ. त्यानंतरही मन तिथेच अडकलं असेल तर खुशाल घे, पैसे तुझे आहेत. फक्त आईला आधी सांग.

तुमच्या फोनमधला सगळ्यात जुना पोकेमॉन कुठला, आणि तो कुणाबरोबर पकडला होता? व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटूच!