खिडकीत कवठेमहांकाळ मावत का नाही?

सातारा जिल्ह्यात ११ तालुके, सांगलीत १०. पतसंस्थेचा कर्जअर्ज असो, दूध संकलनाचा हिशेब असो की हळदीच्या अडतीचं बिल, डेस्कटॉप प्रोग्रामच्या फॉर्मवर ‘तालुका’ हा रकाना असतोच. ‘जत’ आणि ‘वाई’ त्यात आरामात बसतात. ‘कवठेमहांकाळ’ मात्र अर्ध्यात तुटतं, आणि दोष मराठीवर येतो. खरा घोळ आपल्या समजुतींमध्ये आहे.

‘प्रत्येक कंट्रोलचं माप प्रोग्रामरनेच ठरवायचं असतं.’

ही सवय माऊसने ओढून फॉर्म रचण्याच्या काळातली. १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये बटणाची जागा आणि लांबी-रुंदी ‘ट्विप’मध्ये लिहिली जायची, एका इंचाला १,४४० ट्विप. आजच्या लायब्ररींचा विचार उलट्या टोकाने सुरू होतो. आपल्याला किती जागा हवी, हे कंट्रोल (म्हणजे बटण, रकाना किंवा यादी) स्वतःच सांगतं. क्यूटीत त्याला साइज हिंट म्हणतात, डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये बेस्ट साइज. जीटीके तर दोन मापं विचारतं, किमान आणि स्वाभाविक. लेआउट आतल्या प्रत्येकाची गरज गोळा करतो, आणि मग विंडोत प्रत्यक्ष असलेली जागा वरून खाली वाटत येतो.

डब्ल्यूएक्सविजेट्स (ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ मध्ये एडिनबरा विद्यापीठात सुरू केलेली) शक्य तिथे त्या त्या ऑपरेटिंग सिस्टीमचीच बटणं वापरते. त्यामुळे तेच बटण विंडोजवर एका उंचीचं, लिनक्सवर दुसऱ्या. आपण ठोकलेला आकडा कुठे तरी चुकणारच.

कंट्रोलचं सांगणंही केव्हा विचारलं जातं, याला महत्त्व आहे. क्यूटीचा कॉम्बोबॉक्स, म्हणजे यादीतून निवडायचा रकाना, एरवी आपली रुंदी पहिल्यांदा दिसतानाच्या यादीवरून ठरवतो. सुरुवातीला सातारा जिल्हा निवडलेला असेल तर तालुक्याच्या रकान्याची रुंदी ‘महाबळेश्वर’च्या मापाची होते. नंतर जिल्हा बदलून सांगली केला की यादी बदलते, रुंदी नाही. यादी बदलेल तसं माप बदलण्याचं धोरण त्या कॉम्बोबॉक्सला वेगळं सांगावं लागतं.

‘अक्षरं मोजली की रुंदी कळते.’

‘कृष्णा’ या शब्दाला युनिकोडमध्ये ६ संकेत लागतात, ‘फलटण’ला ४. पडद्यावर मात्र फलटणच जास्त जागा घेतं, कारण जोडाक्षर आणि मात्रा मिळून आकार एकच बनतो. म्हणून रुंदी लायब्ररीकडून, प्रत्यक्ष त्या फाँटमध्ये मोजून घ्यायची. विंडोजच्या डायलॉग युनिटवर विसंबणंही पुरेसं नाही. ते आडवं एकक म्हणजे अक्षराच्या सरासरी रुंदीचा चौथा भाग, आणि ती सरासरी रोमन अक्षरांवरून काढलेली असते.

उंचीकडे तर बहुतेकांचं लक्षच नसतं. ‘कर्जे’मध्ये मात्रा आणि रफार दोन्ही डोक्यावर येतात, ‘पलूस’चा दीर्घ उकार खाली उतरतो, आणि ‘विठ्ठल’मधला ठ्ठ कित्येक फाँटांत एकाखाली एक रचला जातो. विंडोज २००० बरोबर आलेल्या मंगल फाँटची ओळ त्याच आकड्याच्या एरियलपेक्षा बरीच उंच आहे. एरियल डोळ्यासमोर ठेवून आखलेल्या चौकटीत उकार कापले जातात, आणि ‘सुरेश’चा ‘सरेश’ वाचला जातो. माणसाचं नाव धड दिसणं ही किमान गोष्ट आहे. ती सोडून देऊ नये.

‘एक्सपांड दिलं की सगळं ताणलं जातं.’

सर्वांत जास्त तास इथे वाया जातात. सांगलीच्या हळदीच्या पट्टीचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा, फॉर्म घ्या. वर शेतकऱ्याचं नाव, मध्ये पोती, वजन आणि दराचा तक्ता, खाली अडत, हमाली, तोलाई आणि बटणं. हे सगळं एका उभ्या साइझरमध्ये (डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये लेआउटला साइझर म्हणतात) आहे. डब्ल्यूएक्सविजेट्सच्या अशा उभ्या साइझरमध्ये प्रपोर्शन उंचीची वाटणी करतं आणि एक्सपांड फक्त रुंदी भरतं. आडव्या साइझरमध्ये बरोबर उलट. म्हणून एक्सपांड देऊनही तक्ता खाली वाढत नाही. त्याला प्रपोर्शन १ हवं आणि एक्सपांडही. नावाच्या रकान्याला प्रपोर्शन ० आणि एक्सपांड. बटणांच्या आडव्या ओळीला प्रपोर्शन ० आणि एक्सपांड, पण ओळीतल्या बटणांना दोन्ही नको. त्यांच्याआधी एक ताणली जाणारी रिकामी जागा ठेवली की ती उजवीकडे सरकतात. तक्त्याशेजारी शेऱ्याचा रकाना हवा असेल तर दोन्ही आडव्या साइझरमध्ये घालून २ आणि १ असं प्रपोर्शन द्यायचं, म्हणजे रुंदी त्याच हिशेबाने वाटली जाते.

‘लेआउट एकदा लागला की लागला.’

लेबलचा मजकूर ‘येणे’वरून ‘एकूण येणे बाकी’ झाला, तर क्यूटी पुन्हा मांडणी करून घेते. डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये लेबल स्वतः रुंदावतं, पण शेजाऱ्यांना सरकवण्यासाठी बाहेरच्या पॅनेलवर लेआउट पुन्हा बोलवावं लागतं.

‘माझ्या मशिनवर दिसतं, म्हणजे गिऱ्हाइकाकडेही दिसेल.’

विंडोजच्या डिस्प्ले स्केलिंगमध्ये १०० टक्के म्हणजे इंचाला ९६ ठिपके, १२५ टक्के म्हणजे १२०, १५० टक्के म्हणजे १४४. आपण डीपीआय (इंचामागचे ठिपके) ओळखतो असं प्रोग्रामने जाहीर केलं नसेल, तर विंडोज सगळं चित्र ताणून दाखवतं आणि अक्षरं धूसर होतात. जाहीर केलं असेल पण मापं पिक्सेलमध्ये ठोकलेली असतील, तर अक्षरं मोठी होतात आणि चौकट तेवढीच राहते. क्यूटी ६ मध्ये या टक्क्यांप्रमाणे मापं वाढवणं कायम चालू असतं. डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये साइझर अक्षरांचं सांभाळून घेतो, पण कडेची अंतरं आणि आपण दिलेली किमान मापं ‘फ्रॉम-डीआयपी’ फंक्शनमधून न्यावी लागतात.