डीआर साइटवर प्रत गेली, पुढे काय?

‘आमच्याकडे क्लस्टर आहे, मग वेगळ्या डीआरची (डिझास्टर रिकव्हरीची) गरज काय?’ सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. एक नोड बंद पडला की त्यावरची व्हर्च्युअल मशिन्स दुसऱ्या नोडवर आपोआप सुरू होतात, हे खरं. पण ते सगळे नोड बहुधा एकाच खोलीत, एकाच स्टोरेजला जोडलेले असतात. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. शेकडो सरकारी सेवा थांबल्या आणि ‘जी-ड्राइव्ह’ या सरकारी स्टोरेजमधली 858 टेराबाइट माहिती गेली, कारण तिची बाहेर कुठेच प्रत नव्हती. इमारतच गेली तर आत किती नोड होते याने काही फरक पडत नाही.

दुसरा गैरसमज हायपर-व्ही वापरणाऱ्यांत आढळतो: क्लस्टरमधलं मशीन सारखी जागा बदलतं, म्हणून ते बाहेर रेप्लिकेट करता येत नाही. प्रत्यक्षात अशा रेप्लिकेशनची सोय विंडोज सर्व्हर 2012 पासून आहे. त्यासाठी दोन्हीकडच्या क्लस्टरवर ‘हायपर-व्ही रेप्लिका ब्रोकर’ हा रोल बसवावा लागतो. ब्रोकरला स्वतःचं नाव आणि स्वतंत्र आयपी असतो. मूळ ठिकाणचा सर्व्हर त्याला विचारतो, या मशीनची प्रत आत्ता कोणत्या नोडवर आहे? ब्रोकर नोड सांगतो आणि बदल थेट तिथे जातात. सकाळी पहिल्या नोडवर असलेलं मशीन दुपारी लाइव्ह मायग्रेशनने तिसऱ्यावर गेलं, तरी साखळी तुटत नाही.

गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. प्रत स्वीकारणाऱ्या क्लस्टरच्या प्रत्येक नोडवर फायरवॉलमधला रेप्लिकाचा नियम सुरू करावा लागतो. तीनपैकी दोनच नोडवर तो केला, तरी बरेच दिवस सगळं सुरळीत दिसतं. मग एखाद्या रात्री प्रत तिसऱ्या नोडवर सरकते आणि रेप्लिकेशन थांबतं. सकाळी रेप्लिकेशन हेल्थमध्ये ‘क्रिटिकल’ दिसलं, तर इंटरनेट लाइनची तक्रार करण्याआधी हा नियम तपासा.

लाइनविषयीही उगाच भीती असते. दोन टेराबाइटची पहिली प्रत 100 एमबीपीएसच्या लाइनवरून पाठवायला, पूर्ण वेग मिळाला तरी, साधारण 44 तास लागतात. पण ती बाह्य डिस्कवर भरून गाडीनेही नेता येते. त्यानंतर फक्त बदल जातात: 2012 च्या आवृत्तीत दर 5 मिनिटांनी, 2012 आर2 पासून 30 सेकंद, 5 किंवा 15 मिनिटांनी. पेजफाइल वेगळ्या व्हर्च्युअल डिस्कवर ठेवून ती डिस्क रेप्लिकेशनमधून वगळली, तर लाइनवरचा बराच फुकटचा भार वाचतो. मात्र हे रेप्लिकेशन असिंक्रोनस आहे. अचानक आपत्ती आली तर शेवटच्या फेरीनंतरचं काम गेलं असं समजायचं. ‘शून्य नुकसान’ फक्त नियोजित फेलओव्हरमध्ये मिळतं, कारण तिथे मशीन आधी बंद करून उरलेले बदल पाठवले जातात.

‘रेप्लिका आहे, आता बॅकअप कशाला?’ हा समज सगळ्यांत घातक. चुकून पुसलेली फाइल आणि रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेला डेटा, दोन्ही रेप्लिकाच्या दृष्टीने साधे बदलच असतात आणि पुढच्या फेरीत ते पलीकडे पोहोचतात. मागचे रिकव्हरी पॉइंट ठेवता येतात, पण जास्तीत जास्त 24, तासाला एक. शुक्रवारी रात्रीची चूक सोमवारी लक्षात आली, तर बॅकअपशिवाय मार्ग नाही.

फेलओव्हर आपोआप होतो, असंही अनेकांना वाटतं. क्लस्टरच्या आत तो होतो. दोन साइटमध्ये मात्र हायपर-व्ही रेप्लिका माणसाच्या हुकमाची वाट पाहते, आणि ते योग्यच आहे. नुसती लिंक तुटली असताना पलीकडची प्रत सुरू झाली, तर एकच मशीन दोन ठिकाणी चालू राहील आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी होतील.

म्हणून निर्णय कोणी आणि किती वेळात घ्यायचा, हे आधी लिहून ठेवावं लागतं. 24 फेब्रुवारी 2021 रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी 11:40 ला थांबले आणि दुपारी 3:45 ला पुन्हा सुरू झाले. चेन्नईत डीआर साइट असूनही कामकाज तिकडे हलवलं गेलं नाही. त्यानंतर सेबीने बंधन घातलं: घटनेपासून 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि तिथून 45 मिनिटांत डीआर साइटवर काम सुरू करायचं. पुढे 2 मार्च 2024 च्या शनिवारी बाजार मुद्दाम उघडून, पहिलं सत्र मूळ साइटवरून आणि दुसरं डीआर साइटवरून चालवण्यात आलं.

डोमेन कंट्रोलरसाठी मात्र रेप्लिकावर विसंबू नका. पलीकडे स्वतंत्र कंट्रोलर चालू ठेवा, त्याची माहिती अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी स्वतःच जुळवते. तो नसेल तर बाकीची मशिन्स उठतात, पण लॉगइन होत नाही.

‘चाचणी केली तर चालू काम बंद पडेल’ या धास्तीने अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं सराव होत नाही. टेस्ट फेलओव्हर प्रतीवरून वेगळं मशीन उभं करतो. मूळ मशीन चालू राहतं, रेप्लिकेशनही थांबत नाही, आणि नवं मशीन तुम्ही जोडेपर्यंत नेटवर्कबाहेर असतं. या आठवड्यात एक मशीन निवडा, त्याचा टेस्ट फेलओव्हर करा आणि अकाउंट्समधल्या एखाद्या माणसाला तिथे बसवून कालची शेवटची नोंद उघडून पाहायला सांगा.