परिच्छेदातला दाखला आणि सर्वसेनाचे ‘हरिविजय’

समीक्षालेखातला परिच्छेद कसा बांधावा, याचा एक जुना नमुना वाशीमशी निगडित आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. तिथल्या वाकाटक शाखेचा संस्थापक सर्वसेन याने चौथ्या शतकात ‘हरिविजय’ हे प्राकृत महाकाव्य रचले. ते आज लुप्त आहे. काव्यशास्त्रज्ञांनी घेतलेल्या दाखल्यांतूनच त्याची ओळख होते.

नवव्या शतकात काश्मीरचा आनंदवर्धन ‘ध्वन्यालोका’त आधी विधान करतो : परंपरागत कथा रसाला प्रतिकूल असेल, तर कवीने ती बदलावी. मग दाखला देतो : कालिदासाच्या कृती, ‘हरिविजय’. शेवटी कारण सांगतो : नुसती कथा सांगणे हे कवीचे प्रयोजन नव्हे, ती इतिहासातून मिळतेच.

पण सर्वसेनाने नेमके काय बदलले, हे तो तिथे सांगत नाही. ते पुढे टीकाकार अभिनवगुप्ताने सांगितले : इतिहासात नसतानाही पारिजातहरण इथे प्रियेच्या अनुनयाचे अंग म्हणून येते. या एका तपशिलामुळे विधान पारखता येते.

विद्यार्थ्यांच्या निबंधांत विधान असते, कृतीचे नावही असते. गळतो तो हा तपशील. तो द्यावा आणि त्यावरून विधान कसे सिद्ध होते, तेही लिहावे. सर्वसेनाचा ग्रंथ गेला, तरी त्याने कथा का वळवली हे आज कळते, ते अशाच एका वाक्यामुळे.