बाप दाखव, नाहीतर दंड भर!

इंग्लंडमधल्या प्रत्येक चर्चनं आपल्या हद्दीतले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत उतरवून ठेवावीत, असा हुकूम १५३८ च्या सप्टेंबरात सुटला. हुकूम काढणारा होता आठव्या हेन्री राजाचा उजवा हात, थॉमस क्रॉमवेल. आज लंडनपासून सिडनीपर्यंतचे हौशी लोक खापरपणजोबांचा बाप शोधायला ज्या ‘पॅरिश रजिस्टर’वर तुटून पडतात, ती याचीच देणगी. आणि याची स्वतःची गोष्ट काय? जन्म साधारण १४८५ चा, नक्की तारीख कुणालाच ठाऊक नाही. बाप पटनी गावचा वॉल्टर हे पक्कं, पण आईच्या नावावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. तो जन्मला तेव्हा वहीच नव्हती ना! वही सुरू करून दोन वर्षं व्हायच्या आत, जुलै १५४० मध्ये, राजानं त्याचंच मुंडकं उडवलं.

हुकूम मात्र चिवट निघाला. दर रविवारी प्रार्थना आटोपली की पाद्रीबुवांनी चर्चच्या कारभाऱ्यांसमोर आठवड्याच्या नोंदी लिहायच्या. वही पेटीत, पेटीला दोन कुलपं, एक किल्ली पाद्र्याकडे आणि दुसरी कारभाऱ्यांकडे. नोंद चुकली तर ३ शिलिंग ४ पेन्स दंड, तोही चर्चच्या डागडुजीला. लोकांना वेगळीच शंका आली: आज नोंद, उद्या बाप्तिस्म्यावर पट्टी! त्यांचा अंदाज खरा ठरला, फक्त २४५ वर्षं उशिरानं. ते पुढे येईलच.

वहीत काय असतं, काय नसतं

जुनी नोंद म्हणजे जेमतेम एक ओळ. ‘जॉनचा मुलगा जॉन, बाप्तिस्मा, अमुक तारीख.’ संपलं. सुरुवातीच्या वह्यांत आईचं नाव अनेकदा नसतंच. तिचं माहेरचं आडनाव तर विसराच. तारीख बाप्तिस्म्याची, जन्माची नव्हे. बाळ तीन दिवसांचं असेल किंवा तीन वर्षांचं. कधीकधी चार भावंडांना एकाच दिवशी पाणी लावून मोकळे होत.

त्यात नावांचा दुष्काळ. जॉन, विल्यम, थॉमस, की पुन्हा जॉन. एखादं मूल दगावलं की तेच नाव पुढच्याला द्यायची पद्धत होती. त्यामुळे एका घरात दोन विल्यम सापडले तर आधी दफनाची पानं उलटावीत, नाहीतर आपण मेलेल्या मुलाचं लग्न लावून बसतो. भरीला लॅटिनची हौस: जेम्सचा जेकोबस, विल्यमचा गुलिएल्मस. १७३३ मध्ये कायद्यानं लॅटिनला रजा मिळाली, तोवर हेच.

पहिल्या वह्या कागदाच्या होत्या. १५९८ मध्ये एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत फर्मान निघालं, की सगळं चर्मपत्रावर पुन्हा उतरवा, निदान राणीच्या राज्यारोहणापासूनचं, म्हणजे १५५८ पासूनचं तरी. ‘निदान’ म्हटल्यावर कोण जास्त कष्ट घेणार? कित्येक गावांच्या वह्या बरोबर १५५८ ला सुरू होतात, त्याआधीची वीस वर्षं गायब. याच फर्मानानं एक उपकारही केला: दरवर्षीची नक्कल बिशपकडे पाठवायची. मूळ वही उंदरांनी खाल्ली, आगीत गेली, ओलीनं कुजली, तरी बिशपची नक्कल पुष्कळदा वाचलेली असते.

शेक्सपिअरच्या सासऱ्याचा माग

वीस वर्षांच्या त्या खड्ड्यात पडलेली सर्वांत प्रसिद्ध बाई म्हणजे ॲन हॅथवे, शेक्सपिअरची बायको.

स्ट्रॅटफर्डच्या चर्चची वही १५५८ पासूनची. त्यात विल्यमचा बाप्तिस्मा आहे, २६ एप्रिल १५६४. (त्याच साली ११ जुलैच्या दफनापाशी ‘इथे प्लेग सुरू झाला’ अशा अर्थाची टीप आहे. म्हणजे इंग्रजी साहित्य केवढ्या थोडक्यात वाचलं बघा.) ॲनचा बाप्तिस्मा मात्र नाही. तिच्या थडग्यावर लिहिलंय की ती १६२३ मध्ये सदुसष्टाव्या वर्षी वारली. म्हणजे जन्म १५५६ च्या आसपास, वहीच्या आधीचा. मग तिचा बाप कोण, हे ठरवायचं कशावरून?

लग्नाच्या कागदांवरून म्हणावं तर तिथे आणखी गोंधळ. २७ नोव्हेंबर १५८२ ला वूस्टरच्या बिशपच्या वहीत परवाना नोंदलाय तो विल्यम शेक्सपिअर आणि टेंपल ग्राफ्टनच्या ‘ॲन व्हॅटली’ या जोडप्याचा! दुसऱ्याच दिवशीच्या हमीपत्रात नवरीचं नाव स्ट्रॅटफर्डची ॲन हॅथवे. एका रात्रीत नवरी बदलली? कादंबरीकारांना हे आयतं घबाड. त्यांनी व्हॅटलीबाईला कवीची खरी प्रेयसी करून टाकलं. साधं उत्तर असं की, त्याच दिवशी त्याच कचेरीत क्राउल गावच्या विल्यम व्हॅटली नावाच्या पाद्र्याचं प्रकरण चालू होतं, आणि बहुधा कारकुनाची लेखणी घसरली. मला कारकूनच जास्त पटतो. कचेरी कुठलीही असो, ही जात सारखीच.

आता हमीपत्र नीट वाचू. रक्कम ४० पौंड, जामीन दोन: शॉटरी गावचे शेतकरी फल्क सँडेल्स आणि जॉन रिचर्डसन. शॉटरीतच रिचर्ड हॅथवे नावाचा शेतकरी होता. त्यानं सप्टेंबर १५८१ मध्ये मृत्युपत्र केलं, आणि त्यावर देखरेख ठेवणाऱ्यांत सँडेल्स, साक्षीदारांत रिचर्डसन! मृत्युपत्रात मुलगी ‘ॲग्नेस’ हिला लग्नाच्या दिवशी द्यायचे ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स लिहिलेत. त्या काळी ॲग्नेसचा उच्चार ‘ॲनिस’च्या जवळचा होता, आणि कारकून ॲग्नेस नि ॲन खुशाल अदलाबदल करून लिहीत.

अजून एक दुवा हवा? रिचर्डचा मेंढपाळ थॉमस व्हिटिंग्टन. त्याच्या १६०१ च्या मृत्युपत्रात चाळीस शिलिंगांचा उल्लेख आहे, जे मिस्टर विल्यम शेक्सपिअरची बायको ॲन हिच्याकडे होते आणि आता स्ट्रॅटफर्डच्या गरिबांना द्यायचे होते. बापाचा मेंढपाळ, त्याचे पैसे लेकीकडे. गाठ बसली. आणि हा रिचर्ड कागदोपत्री ‘हॅथवे ऊर्फ गार्डनर’ होता, म्हणजे नुसतं हॅथवे शोधत बसणाऱ्याच्या हातून अर्धं घराणं निसटणार.

लक्षात आलं का, ॲनचा बाप कुठे सापडला? बाप्तिस्म्याच्या पानात नाही. जामिनाच्या रकमेत, हुंड्याच्या आकड्यात आणि मेंढपाळाच्या उधारीत. बाप हरवला असेल तर इंग्लंडात पैशाच्या मागे जावं.

फेब्रुवारी आधी की मे?

मे १७२० मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७२० मध्ये बाळाचा बाप्तिस्मा! भुवया उंचावू नका. १७५२ पर्यंत इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणजे तो फेब्रुवारी मेनंतरचा, आपल्या हिशेबानं १७२१ चा. बाळ अगदी रीतसर नऊ महिन्यांचं. कायद्यानं पद्धत बदलली तेव्हा १७५१ हे साल अवघ्या २८२ दिवसांचं झालं, आणि १७५२ मध्ये २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. शेक्सपिअरला मात्र ही सबब नाही: लग्न नोव्हेंबर १५८२, थोरल्या सुझानाचा बाप्तिस्मा २६ मे १५८३. हिशेब तुम्हीच करा.

बारशावरही कर

सरकारचा डोळा वह्यांवर होताच. लोकरीचा धंदा चालावा म्हणून १६६६ आणि १६७८ च्या कायद्यांनी मुडदेसुद्धा लोकरीच्या कफनातच पुरायचे ठरलं. नाहीतर ५ पौंड दंड, त्यातला निम्मा चहाडी करणाऱ्याला. तागाच्या तलम कफनाची हौस असलेली बडी घरं आपल्याच माणसाकडून चहाडी करवून निम्मा दंड परत मिळवत. लोकरीचं कफन परवडलं नाही तर दफनाच्या नोंदीपुढे चक्क ‘नग्न’ असा शेरा. १६९५ पासून काही वर्षं जन्म, लग्न, मरण तिन्हींवर कर होता, आणि पंचविशी ओलांडलेल्या ब्रह्मचाऱ्यांवर वेगळा.

आणि १७८३ मध्ये थेट वहीतल्या नोंदीवरच, तो भाकीत केलेला कर आला: प्रत्येक नोंदीला ३ पेन्स. वसुली पाद्र्यांकडे, त्यांना दलालीही मिळे. गरिबांना माफी होती, त्यामुळे बऱ्या घरचे लोकही रातोरात ‘गरीब’ झाले. कर लागू व्हायच्या आधी पोराटोरांचे घाऊक बाप्तिस्मे उरकले गेले. १७९४ मध्ये तो उठला तेव्हा पुन्हा रांगा. तुमचा पूर्वज १७९४ मध्ये दहा वर्षांचा घोडा होऊन बाप्तिस्मा घेताना दिसला, तर कारण हे तीन पेन्स असू शकतात. नोंदीपुढचा ‘पी’ हाही असाच छळतो. तो ‘पॉपर’चा, म्हणजे कंगालाचा असेल, किंवा घरी खाजगीत उरकलेल्या ‘प्रायव्हेट’ बाप्तिस्म्याचा.

बापाचं नाव सांग!

लग्नाविना झालेलं मूल असेल तर वहीत बापाच्या जागी कोरं. कुठे ‘बेस बॉर्न’, कुठे लॅटिनमध्ये ‘लोकांचा पुत्र’, कुठे नुसतं आईचं नाव. बहुतेक शोध इथे अडतात, आणि खरी मौज इथेच सुरू होते. कारण गरिबांना पोसायची जबाबदारी पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाची होती, आणि बाप सापडला नाही तर त्या पोराचा खर्च गावाच्या डोक्यावर. मग गाव असं तपासाला लागे की पोलिसांनी धडे घ्यावेत.

गरोदर बाईला न्यायाधीशापुढे उभं करून जबानी घेत. सुईणीकडून तर शपथच घेतलेली असे. ऐन कळांमध्ये ती विचारायची, ‘खरा बाप कोण?’ त्या घटकेला कुणी खोटं बोलत नाही, असा समज. नाव कळलं की त्या माणसाकडून लेखी हमीपत्र: पोराचा खर्च मी देईन, गावाला तोशीस लागू देणार नाही. हाच तो ‘बॅस्टर्डी बाँड’. चर्चच्या पेटीत रजिस्टरखाली पडलेले हे कागद, गरिबांच्या देखरेख्याचे जमाखर्च आणि वस्तीच्या हक्काच्या जबान्या, यांतून जेवढे बाप बाहेर आलेत तेवढे कुठल्याही धर्मग्रंथानं काढले नसतील.

अनौरस मुलाला पोसायचं गाव म्हणजे ते जिथे जन्मलं ते, असा नियम. म्हणून परगावची गरोदर बाई दिसली की कारभारी तिला घाईघाईनं शिवेपलीकडे पोचवत. काही गावं बापाला लग्नाला उभा करत, त्याचा खर्चही गावच करी. अशा जबरदस्तीच्या लग्नांना ‘नॉबस्टिक वेडिंग’ म्हणत. आयांचीही एक युक्ती होती: बापाचं आडनाव पोराचं मधलं नाव म्हणून ठेवून द्यायचं. शेतमजुराच्या घरात अचानक भारदस्त मधलं नाव दिसलं तर कान टवकारावेत.

टाकून दिलेल्या मुलांची तऱ्हाच निराळी. सापडलं त्या जागेचं नाव, तेच आडनाव. लंडनच्या टेंपल चर्चच्या आवारात सापडलेली मुलं ‘टेंपल’ झाली. अशा आडनावावरून घराण्याचा शोध घेत गेलात तर एका भिंतीपाशी पोचाल.

यॉर्कशायरचे भाग्यवान

सगळेच पाद्री एका ओळीत भागवणारे नव्हते. यॉर्कशायरचे विल्यम डेड यांनी १७७० च्या दशकात असा तक्ता आखला की त्यात मुलाचे आईवडीलच काय, दोन्हीकडचे आजोबाही यावेत. १७७७ मध्ये आर्चबिशपांनी तो उचलून धरला. काही पाद्र्यांनी मनापासून भरला, काहींनी कामचुकारपणा केला. पूर्वज नेमका मनापासून भरणाऱ्याच्या गावचा निघाला तर एका नोंदीत तीन पिढ्या. बाकीच्या इंग्लंडला १८१३ पासून छापील रकाने मिळाले, बापाच्या धंद्यासह; आईचं माहेर त्यातही नाहीच. १ जुलै १८३७ ला सरकारी नोंदणी सुरू झाली आणि लग्नाच्या दाखल्यावर दोन्हीकडच्या बापांचं नाव आलं. अनौरस मुलं तिथे बिनधास्त एखादा बाप रचून देत. आईचं नाव त्या दाखल्यावर यायला २०२१ साल उजाडलं!

मुंबईची नक्कल

या वह्यांची एक फांदी आपल्या दारापर्यंत येते. मुंबईचं सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उघडलं. रडयार्ड किपलिंगचा बाप्तिस्मा तिथलाच. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला जात, आणि आज ब्रिटिश लायब्ररीत त्या ‘एन/३’ या क्रमांकाखाली आहेत. इथे कोडं उलटं. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या कित्येक नोंदींत साहेब बापाचं नाव ठसठशीत असतं, पण आई इथली असेल तर तिचं नावच नसतं, किंवा बाप्तिस्म्यात मिळालेलं एखादं मेरी नाहीतर ॲन तेवढं. तिचा माग काढायचा तर त्याच ग्रंथालयातल्या कंपनीच्या नोकरांच्या मृत्युपत्रांकडे वळावं. सोबत राहिलेल्या बाईला आणि तिच्या मुलांना काय द्यायचं हे लिहिताना, कुठे कुठे साहेबाला तिचं नाव लिहावंच लागलं आहे.