डिपरची डागडुजी

हा खंडाळा लोणावळ्याच्या शेजारचा नव्हे. पुण्याहून साताऱ्याला निघालं की सारोळ्याच्या पुलावर नीरा ओलांडायची, शिरवळ मागे टाकायचं, आणि खंबाटकी सुरू व्हायच्या आधी जे तालुक्याचं गाव लागतं ते हे, पारगाव-खंडाळा. रात्री इथून गाडी काढणाऱ्याची गाठ दोन अगदी वेगळ्या रस्त्यांशी पडते. महामार्गावर साताऱ्याकडे जाणारी वाहनं वर्षानुवर्षं घाट चढत आली आणि पुण्याकडे परतणारी बोगद्यातून. घाट एकेरी, त्यामुळे समोरून कुणी डोळ्यांवर लाइट मारत नाही. अडचण एवढीच की रस्ता वळतो आणि उजेड सरळ जातो. बोगद्यातून बाहेर पडल्यावरचं एसच्या आकाराचं वळण अपघातांसाठी बदनाम आहेच. दुसरा रस्ता लोणंदच्या अंगाचा. तिथे समोरून वाहनं येतात, कांद्याच्या बाजाराला निघालेले टेम्पो असतात आणि ऊसतोडीच्या दिवसांत एका ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या. ट्रॉलीच्या मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी तो उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला असतो.

म्हणजे एका रस्त्यावर आपल्याला दिसलं की भागतं. दुसऱ्यावर आपल्यालाही दिसायला हवं आणि समोरच्यालाही दिसू द्यायला हवं. जुन्या गाडीचे हेडलाइट सुधारण्याचा सगळा धंदा या दोन गरजांमध्ये उभा आहे. गिऱ्हाईक मात्र बहुतेक वेळा पहिलीच गरज घेऊन येतं.

महामार्गालगतच्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या गाळ्यात येणारी ही गाडी साधारण बारा-पंधरा वर्षं वयाची असते. स्विफ्ट, आय-टेन, इंडिका व्हिस्टा. एम.एच. 11 ची पाटी, इंजिन ठणठणीत, पण समोरून पाहिलं तर दोन्ही डोळे पिवळट. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीला पुन्हा पासिंगला न्यावं लागतं, आणि मालकाला हेडलाइटची आठवण पुष्कळदा तेव्हाच होते. तोवर त्याने ‘हल्ली रात्री दिसत नाही’ याचा दोष स्वतःच्या चष्म्याला दिलेला असतो.

आधी थोडा हिशेब. डिपर नीट लावलेला असेल तर उजेडाची वरची कडा दर 10 मीटरला साधारण 10 सेंटिमीटर खाली उतरते. दिवा जमिनीपासून 65 सेंटिमीटर उंच असेल तर ती कडा 65 मीटरवर रस्त्याला टेकते. ताशी 80 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे सरकते. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर 33 मीटर तिथेच संपले, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी चाळीसेक. बेरीज सत्तरच्या पुढे. नव्या कोऱ्या दिव्याचा डिपरसुद्धा 80 च्या वेगाला पुरत नाही. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने 2018 मध्ये धुरकटलेल्या हेडलाइटची मोजणी केली, तेव्हा डिपरवर त्यांचा उजेड नव्याच्या साधारण 22 टक्केच भरला. त्या उजेडात लोणंदच्या रस्त्यावर 80 ने जाणं म्हणजे देवावर हवाला ठेवणं.

आपल्या आजोबांच्या गाड्यांना हा पिवळेपणा ठाऊकच नव्हता. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, पुढे पद्मिनी, तशीच अँबॅसडर आणि महिंद्राची जीप, या सगळ्यांना गोल, सात इंची, खऱ्या काचेचे दिवे. काच दगडाने फुटेल, पण उन्हाने पिवळी होत नाही. त्या दिव्यांचं दुखणं आत असायचं: रिफ्लेक्टर गंजायचा, होल्डर सैल व्हायचा, वायरी कडक पडायच्या. वर काचेच्या मधोमध काळा ठिपका रंगवण्याची, नाहीतर वरचा अर्धा भागच काळा करण्याची रीत होती. समोरच्याला चकाकी लागू नये हा हेतू, पण तिच्याबरोबर उपयोगाचा उजेडही जायचा. फोकस खाली करण्यापेक्षा ब्रश फिरवणं सोपं, हे त्यामागचं खरं कारण असावं असा मला दाट संशय आहे.

काचेची जागा घेतली पॉलिकार्बोनेटने. हे प्लॅस्टिक 1953 मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या हेर्मान श्नेलने आणि त्याच वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्सने, एकमेकांचा पत्ता नसताना, शोधलं. हलकं, हवा तो आकार घेणारं, दगड लागला तरी न फुटणारं. दोन खोडी मात्र आहेत. त्यावर चटकन ओरखडे पडतात, आणि उन्हातले अतिनील किरण त्याच्या रेणूंची मोडतोड करतात. त्यातून जी नवी संयुगं तयार होतात ती पिवळी असतात. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कठीण, पारदर्शक थर चढवतात. महामार्गाची धूळ, पुढच्या ट्रकने उडवलेली बारीक खडी, वरून कोरड्या फडक्याने पुसायची आपली सवय, यांत तो थर झिजतो. गाडी वर्षानुवर्षं एकाच तोंडाने उन्हात उभी राहत असेल तर एक दिवा दुसऱ्यापेक्षा आधी जातो. पाहणाऱ्याला वाटतं मळ बसलाय. मळ नसतो, उरलेला संरक्षक थर आणि त्याखालचं प्लॅस्टिकच खराब झालेलं असतं.

दुरुस्ती म्हणजे हा मेलेला थर पूर्ण काढणं, आणि त्याच्या जागी नवा चढवणं. पहिलं काम कष्टाचं आहे, दुसरं जोखमीचं.

काम जाणणारा कारागीर आधी भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावतो, नाहीतर बॉनेटची कड घासली जाते आणि डेंटिंग-पेंटिंगचं बिल वेगळं येतं. मग पाणी पेपर. 800 नंबरने सुरुवात, पाण्यात शाम्पूचे दोन थेंब. सुरुवातीला जो चिकट पाणेरी चिखल ओघळतो तो पिवळा असतो. तो जेव्हा दुधासारखा पांढरा होतो तेव्हा जुना थर गेला असं समजायचं, त्याआधी नाही. घाई करणारे नेमके इथे चुकतात. मधला भाग पांढरा झाला की पुढचा पेपर घेतात आणि कडांना पिवळे डाग तसेच राहतात. पुढे 1000, 1500, 2000, शेवटी 3000. प्रत्येक पेपर आधीच्या आडव्या दिशेने फिरवायचा, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाहीत ते दिसतं. मग कंपाउंड आणि मशिनवर पॉलिश. या टप्प्यावर दिवा नव्यासारखा चमकतो, गिऱ्हाईक खूश होतं, पैसे देतं, निघून जातं. आणि सहा-आठ महिन्यांत पुन्हा पिवळा दिवा घेऊन येतं.

कारण आता ते प्लॅस्टिक उघडं असतं. घासून काढलेल्या दिव्यावर यूव्ही क्लिअर कोट मारला नाही तर सगळी मेहनत एका उन्हाळ्याची. टूथपेस्ट चोळणं, डास पळवायचा स्प्रे मारून पुसणं, हे जे घरगुती उपाय सांगितले जातात त्यांचं हेच. टूथपेस्ट हा अगदी सौम्य पॉलिश आहे, एवढं खरं. डासांच्या स्प्रेमधलं डीट मात्र प्लॅस्टिकचा वरचा पापुद्रा विरघळवतं. क्षणभर चकाकी येते, पुढे तडे. अलीकडे विजेवर तापणारा एक प्याला आलाय, त्यातल्या द्रावणाची वाफ दिव्यावर सोडली की ओरखडे डोळ्यांदेखत बुजतात. पाहायला जादूच. पण त्यात बऱ्याचदा डायक्लोरोमिथेन असतं, जे फुप्फुसांना आणि मेंदूला घातक आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2024 मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली. बंद गाळ्यात तोंडाला फडकंही न बांधता ही वाफ सोडणारी पोरं पाहिली की दिव्यापेक्षा त्यांचीच काळजी वाटते.

चांगला कोट दोन भागांचा असतो: एक डबा लॅकरचा, एक हार्डनरचा. त्यालाही चांगला मास्क लागतोच. महामार्गाच्या कडेला तो मारणं कठीण, कारण ट्रक गेला की धुरळा ओल्या कोटावर बसतो. पावसाळ्यात हवेतली ओल धरून तो पांढुरका पडू शकतो. म्हणून हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, बंद जागेत आणि सकाळी करून घ्यावं. नुसता दिवा घासून न घेता रंगकाम करणाऱ्याकडे गाडी न्यावी असं मी म्हणेन. इतकं करूनही एएएच्या मोजणीत घासून दुरुस्त केलेल्या दिव्यांचा उजेड नव्याच्या 70 टक्क्यांपर्यंतच आला. कंपनीचा नवा दिवा बसवला तर पूर्ण शंभर. प्लॅस्टिकच्या आत केसासारखे बारीक तडे गेले असतील किंवा पाणी शिरून आतली बाजू धुरकटली असेल, तर घासण्यात अर्थ नाही, दिवाच बदलावा.

इथपर्यंतचं सगळं बाहेरून दिसतं. जे दिसत नाही ते माझ्या मते जास्त महत्त्वाचं.

उजेड बॅटरीपासून निघतो. जुन्या गाडीत तो करंट स्टिअरिंगच्या स्विचमधून, डॅशबोर्डखालच्या कपलरमधून, कार्बन धरलेल्या फ्यूजमधून वळसे घेत बल्बपाशी पोचतो, आणि गंजलेल्या अर्थच्या स्क्रूवाटे परत येतो. प्रत्येक ठिकाणी थोडा व्होल्टेज गळतो. धोम-बलकवडीच्या कालव्यावर टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला जे येतं ते बल्बच्या वाट्याला येतं. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने घटतो, म्हणजे व्होल्टेज 10 टक्के पडला तर उजेड 30 टक्के जातो. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले, आणि मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीवर व दुसरी बल्बच्या कपलरवर: एवढ्याने चोरी सापडते. उपाय म्हणजे रिले वायरिंग. जाड वायर बॅटरीपासून थेट बल्बला, मधे फ्यूज आणि रिले. जुन्या स्विचने फक्त रिले उघड-बंद करायचा. खर्च काही शे ते हजार-दोन हजारांचा, आणि तोच बल्ब वेगळा वाटतो.

बहुतेक जण मात्र बल्बवरच घसरतात. एच फोर हा दोन फिलामेंटचा हॅलोजन बल्ब 1971 मध्ये आला आणि आपल्याकडे अजून घरोघर आहे. 60/55 वॅट, अप्परला 1650 ल्युमेन, डिपरला 1000. त्यातली हुशारी डिपरच्या फिलामेंटखाली बसवलेल्या इवल्याशा धातूच्या वाटीत आहे. ती रिफ्लेक्टरचा खालचा भाग झाकते, म्हणून उजेडाला वर कडा मिळते. आणि आपण डावीकडून चालत असल्याने ती कडा डाव्या बाजूला थोडी वर उचललेली असते, रस्त्याची कड दिसावी म्हणून. या जागी 100/90 वॅटचा बल्ब घातला की रिफ्लेक्टरच्या वरच्या बाजूची अॅल्युमिनियमची झळाळी जळते, होल्डर वितळतो. निर्वातात चढवलेला तो थर इतका पातळ असतो की फडक्याने पुसायला गेलं तरी निघतो. मग पुन्हा मेटलायझिंग करून आणणं आलं.

आणि एलईडी. फिलामेंटच्या जागी दोन बाजूंना चिकटवलेल्या चिप बसल्या की रिफ्लेक्टरचा हिशेब चुकतो. गाडीपुढचा दहा-पंधरा मीटरचा पट्टा पांढराफेक दिसतो, चालकाला वाटतं वा, काय उजेड! त्या जवळच्या झळाळीला डोळा सरावतो आणि दूरचं, म्हणजे नेमकी ती ट्रॉली, अधिकच काळोखात जाते. कडा पुसली गेल्याने समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. ज्यांना एलईडी हवाच आहे त्यांनी हेडलाइट उघडून आत प्रोजेक्टर बसवून घ्यावा. त्यातही तो डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनवलेला आहे ना, हे पाहावं. परदेशातून मागवलेल्या स्वस्त मालाची कडा बऱ्याचदा उजवीकडे उचललेली असते, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत याबद्दल नेमकी मापं आहेत: दिव्यापासून 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला उजेडाने दिपवता कामा नये. पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत दिव्यांची मान्यतेआधी मोजणी होते. एकदा गाडी विकली गेली की पुढची मोजणी भिंतीवर.

त्यासाठी सपाट जागा, भिंत आणि खडू पुरतो. टायरमध्ये हवा बरोबर, चालकाच्या जागी कुणीतरी बसलेलं, गाडी भिंतीपासून 10 मीटरवर. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर एक रेघ, तिच्या 10 सेंटिमीटर खाली दुसरी; डिपरची कडा दुसऱ्या रेघेवर यायला हवी. मागच्या बाजूचे दोन स्क्रू फिरवून ती आणता येते. दिवा घासून घेतल्यावर, बल्ब बदलल्यावर, पुढे ठोकर बसून बंपर काढल्यावर हे पुन्हा करावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या हाताला 0 ते 3 आकड्यांचं एक छोटं चाक असतं. त्याला हात न लावता लोक गाडी विकून टाकतात. मागे तीन माणसं आणि डिकीत कांद्याची पोती भरून लोणंदहून पुण्याला निघालात तर गाडीचं नाक उचललं जातं आणि डिपरचा अप्पर होतो. तेव्हा ते चाक 2 वर न्यायचं. पोती उतरली की पुन्हा 0 वर.