पाण्याची अनामत

'अमानत' हा शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यातला आहे. मराठीत तोच 'अनामत' या रूपाने आला. विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू म्हणजे अनामत. ती उधळायची नसते. पाणी हीसुद्धा पुढच्या पिढीची अनामतच आहे.

नागापूर हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराला लागून असलेले सीना नदीकाठचे गाव. तेथे आज मोठी औद्योगिक वसाहत आहे. या भागात पाऊस बेताचाच पडतो. निजामशाहीच्या काळातील लोकांनी पाण्याचे मोल ओळखले होते. शेंडी, वडगाव, कापूरवाडी अशा आसपासच्या गावांतून खापरी नळ घालून त्यांनी शहरात पाणी आणले.

जमिनीखाली पाण्याचा अखंड साठा आहे, असे तुम्हांला वाटते का? तसे नाही. येथे जमिनीखाली कठीण काळा खडक आहे. मुरलेले पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांतच साठते. एकाने खोल विंधन विहीर घेऊन भरमसाट पाणी उपसले, तर शेजाऱ्याची विहीर आटते. वर्षानुवर्षे साठलेले पाणी थोड्याच काळात संपते. मग मुलानातवंडांनी काय प्यावे?

याच तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने या प्रश्नाचे उत्तर शोधले. एके काळी तेथील डोंगर उघडे होते, विहिरी कोरड्या होत्या. लोक पोटासाठी गाव सोडून जात. 1990 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. गावकऱ्यांनी श्रमदान केले. डोंगरउतारावर चर खणले, नाल्यांवर बांध घातले, झाडे लावली. शेतीसाठी विंधन विहीर घ्यायची नाही आणि उसासारखे पीक लावायचे नाही, असे नियम केले. पुढे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडू लागले. किती पाऊस पडला ते मोजायचे. आधी माणसांचे व गुरांचे पाणी राखून ठेवायचे आणि उरलेल्या पाण्यावर पिके ठरवायची. विहिरींना पाणी आले. गाव सोडून गेलेली कुटुंबे परतली.

मित्रांनो, हा हिशोब तुम्हीही करू शकता. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. शाळेचे छप्पर 100 चौरस मीटर असेल आणि 10 मिलिमीटर पाऊस झाला, तर 1,000 लिटर पाणी पडते. ते गटारात जाते, की जमिनीत मुरते? उद्या शाळेत गेल्यावर जरूर पाहा. अनामत सांभाळण्याची सुरुवात तेथूनच होईल.