‘सयामी’ जुळ्यांचं सयामशी नातं किती?

शरीरानं जोडलेली जुळी जन्मली, की मराठी बातमीत हमखास दोन शब्द दिसतात: ‘सयामी’ किंवा ‘चिकटलेली’. इंग्रजी वैद्यकानं आता ‘कन्जॉइन्ड’ हे विशेषण पसंत केलं आहे. हा केवळ शिष्टाचाराचा भाग, जुना शब्द सगळ्यांना कळतोच की, असा आक्षेप घेतला जातो. कळतो हे खरं. पण कळतं ते चुकीचं. हे नाव पडलं चांग आणि एंग या भावांमुळे. 1811 मध्ये ते सयामात, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये जन्मले. पण त्यांचे वडील चिनी होते आणि खुद्द सयामात त्यांना ‘चिनी जुळे’ म्हणत. 1829 मध्ये खेळवाल्यांनी त्यांना अमेरिकेत नेलं आणि जाहिरातीतलं ‘सयामी’ हे विशेषण जगभर पसरलं. खरं तर अशी जुळी कोणत्याही देशात जन्मू शकतात, अंदाज आहे तो 50 हजार ते 2 लाख जन्मांमागे एका जोडीचा.

‘चिकटलेली’ हा शब्द मला जास्त घातक वाटतो. दोन पुरी बाळं पोटात एकमेकांना डकवली गेली, तेव्हा सोडवली की झालं, असं त्यातून सुचतं. प्रत्यक्षात ही जुळी एकाच फलित बीजापासून होतात, म्हणून दोघांचं लिंग एकच असतं. बीजाचं विभाजन उशिरा, साधारण तेराव्या दिवसानंतर सुरू झालं तर ते अर्धवट राहतं, हे प्रचलित स्पष्टीकरण. वेगळे होऊ लागलेले भाग पुन्हा जुळतात, हे दुसरं. लोकसमजुतीतल्या ग्रहणाला किंवा आईनं खाल्लेल्या जोडकेळ्याला दोन्हींत जागा नाही. मग ‘कन्जॉइन्ड’चा अर्थही ‘जोडलेले’च ना? हो, पण तो शब्द स्थिती सांगतो, कारण गृहीत धरत नाही. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांना इंग्रजीत ‘अॅडजॉइनिंग’ म्हणतात, दोघांच्या सामाईक खात्याला ‘जॉइंट’. ‘कन्जॉइन्ड’मध्ये मात्र दोन अंगं प्रत्यक्ष एकसंध असतात.

किती एकसंध, यावरच शस्त्रक्रिया ठरते. चांग-एंग यांच्या छातीखाली मांस-कूर्चेचा पट्टा होता. 1874 मध्ये दोघं काही तासांच्या अंतरानं गेल्यावर शवचिकित्सेत यकृतंही जोडलेली आढळली. अशा जोडीला वेगळं करणं आजच्या शल्यवैद्यांना आवाक्यातलं वाटतं. इराणच्या लादान आणि लालेह बिजानी या बहिणींची मात्र डोकी जोडलेली होती. मेंदू दोन, पण रक्त वाहून नेणारी मोठी शीर सामाईक. 2003 मध्ये सिंगापूरला त्यांना वेगळं करताना दोघीही दगावल्या.